हजेरीपटावरच्या शेजारणी

एका मुलीचं मनगट मोडत होतं आणि मी टाळ्या वाजवत "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणत होते. हे मी आधीच कबूल करून टाकते. नातीला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती मला मरेपर्यंत 'व्हेरी गुड आजी' म्हणेल, आणि ते टाळण्याइतकी अक्कल मला आता आली आहे. तेव्हा नव्हती.

तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं नेमकं वय. यजमान रेल्वेत, म्हणून बिऱ्हाड दौंडला, आणि मी घोड नदीकाठच्या, शिरूर तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला रोज जीपनं जायची. खळ घातलेली कडक साडी, सोनेरी काडीचा चष्मा, आणि चालताना मान अशी, जणू नदी माझ्या परवानगीनं वाहते आहे.

शब्द पाठ करून घ्यायची माझी रीत साधी होती. रोज फळ्यावर दहा शब्द आणि अर्थ. दुसऱ्या दिवशी विचारायचं, येणार नाही त्याला शब्दाला एक पट्टी. वर्षाच्या शेवटी शब्द कुणाच्याच डोक्यात नसायचे, तळहात तेवढे घट्ट झालेले असायचे. एकदा एका मुलानं पट्टी खाऊन झाल्यावर अगदी शांतपणे विचारलं होतं, "बाई, उद्याच्या दहा पट्ट्या आजच देता का? उद्या आमची ऊसतोड हाय." मी त्याला अकरावी दिली.

मग दौंडलाच पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथल्या तज्ज्ञांनी सांगितलं, अर्थ सांगू नका, शब्द करून दाखवा, मुलांच्या जोड्या लावा आणि त्यांच्याकडून करवून घ्या. मी भारावून परतले. दहावीच्या वर्गात 'ओपन द डोअर, क्लोज द डोअर' सुरू केलं. पोरं पेंगत दार उघडत होती, लावत होती. तिसऱ्या दिवशी बिजागरी निखळली.

त्याच दुपारी मैदानात दोन पोरं एकमेकांना बुकलत होती. मी मध्ये पडून ओरडले, "डोन्ट पुश." तिसऱ्यानं विचारलं, पुश म्हणजे काय हो बाई, आणि त्या दोघांनी त्यालाच ढकलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एकूण एक पोराला पुश येत होता. मला खजिनाच सापडला. रात्री बसून यादी केली: पुश, पुल, पिंच, स्लॅप, पंच, किक, ग्रॅब, ड्रॅग, ट्विस्ट. हुशार मुलांसाठी खाली वेगळा शब्द, स्ट्रँगल. ज्या पोरांना ब्युटिफुल तीन वर्षांत आला नव्हता, त्यांना स्ट्रँगल एका तासात आला. एकमेकांचे गळे धरून ती स्पेलिंगसुद्धा म्हणायची. हात लावायचा नाही, नुसता अभिनय करायचा, असा नियम मी घातला होता. तो नियम मी इंग्रजीतून सांगितला होता.

आता जोड्यांचं सांगते. त्या शाळेत एक न लिहिलेला रिवाज होता. रुजू झाले त्या दिवशीच जुन्या गणिताच्या सरांनी मला बजावलं होतं, "बाई, पोरांच्या जोड्या लावताना हजेरीपट बघायचा न्हाई. उंचीनं लावा, रंगानं लावा, पर नंबरानं नगं." हजेरीपट आडनावांनी लागतो. एक आडनाव म्हणजे एक भावकी, आणि भावकी म्हणजे एक बांध, एक सामाईक विहीर आणि शिरूरच्या कोर्टात एक खटला. ज्यांचे बाप एकमेकांचं तोंड पाहत नाहीत ती पोरं हजेरीपटावर एकाखाली एक, चिकटून. मला वाटलं, सर आळशी आहेत, नंबर पाहायचा कंटाळा करतात.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी हजेरीपट उघडला आणि नंबरानं जोड्या लावल्या. एकतीस आणि बत्तीस.

एकतीस नंबर उंच, दांडगी, कमरेपर्यंत वेणी. बत्तीस नंबर काडीसारखी, पण वर्गात पहिली. तिच्या बापानं तिला सांगून ठेवलं होतं, दहावी एका दमात निघाली तर शिरूरला कॉलेज, नाही तर उन्हाळ्यात लग्न. हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. दोघींचे आजे सख्खे भाऊ, विहीर एकच. आदल्याच आठवड्यात कुणीतरी रात्रीतून बत्तीसच्या घराचा विहिरीवरचा पाइप कोयत्यानं तोडला होता. तेही मला ठाऊक होतं, जीपमध्ये दुसरा विषयच नव्हता. पण माझं मत असं होतं की गाव फाटकाबाहेर राहतं.

"थर्टी वन, पुश." एकतीसनं हलकंच ढकललं. "थर्टी टू, पुल." बत्तीसनं वेणी ओढली. "स्लॅप." फाडकन आवाज आला. मी म्हटलं, वा, काय अभिनय. "व्हेरी गुड. थर्टी टू, किक." लाथ पोटात बसली, एकतीस वाकली, आणि मी, वहीतल्या यादीवर बोट ठेवून, पुढचा शब्द उच्चारला. "ट्विस्ट."

एकतीसनं तिचं मनगट धरलं आणि चिंधी पिळावी तसं पिरगाळलं. शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज झाला. बत्तीस ओरडली नाही, म्हणून तर मी टाळ्या वाजवत राहिले. तिनं तोंड उघडलं ते एकतीसच्या खांद्यात दात रुतवायला. पांढऱ्या ओढणीवर रक्त पसरलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की वर्गात कुणीच हसत नाहीये.

मग वर्ग मधोमध फाटला. अर्धी पोरं या घराच्या बाजूची, अर्धी त्या. बाकं उलटली, डबे फेकले गेले, कंपासातलं कर्कटक कुणाच्या तरी दंडात घुसलं. एकाच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं आणि तो तशाच आंधळ्या डोळ्यानं बुक्क्या हाणत होता. मी मध्ये शिरले, कोपर खाल्लं, माझा सोनेरी काडीचा चष्मा कुणाच्या तरी टाचेखाली चुरा झाला. मी जीव तोडून ओरडले, "स्टॉप, स्टॉप." स्टॉप हा शब्द यादीत नव्हता.

अर्ध्या तासात दोन्ही घरची माणसं मोटारसायकलींवरून आली. मैदानात काठ्या चालल्या. तोडलेल्या पाइपाचा तुकडा बत्तीसच्या चुलत्यानं सोबत आणला होता, तो त्यानं पलीकडच्याच्या डोक्यात घातला. मुख्याध्यापक आतून कडी लावून बसले. बत्तीसची आई मात्र मारामारीकडे वळलीही नाही. ती सरळ माझ्यापाशी आली आणि तिनं माझ्या कानाखाली जाळ काढला. तसा स्लॅप माझ्या वर्गात एकालाही जमला नव्हता. या वेळी मी व्हेरी गुड म्हटलं नाही.

संध्याकाळी हवालदार आले. फळ्यावरचे शब्द त्यांनी एकेक करून वहीत उतरवून घेतले.

"ह्याचा अर्थ?"

"चिमटा काढणे."

"आन् ह्याचा?"

"फरफटत नेणे."

"ह्यो शेवटला?"

"गळा दाबणे. तो हुशार मुलांसाठी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई," ते म्हणाले, "चोरांच्या टोळीला बी एवढं कुनी शिकवत न्हाई."

शिरूरच्या हाडाच्या डॉक्टरांनी बत्तीसच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. सहा आठवडे. परीक्षा तीन आठवड्यांवर. लेखनिक घेता येतो, पण तो खालच्या इयत्तेतला हवा. नववीतल्या पोरांच्या घरी मी फिरले. सगळीकडे एकच उत्तर, भावकीच्या भांडणात आमाला नगं. ज्यांना चालत होतं त्यांना स्पेलिंग येत नव्हतं. अख्ख्या नववीत इंग्रजी न अडखळता लिहिणारी, आणि स्वतःहून "मी लिवते" म्हणणारी, एकच मुलगी उरली. एकतीसची धाकटी बहीण.

मी बत्तीसच्या घरी गेले. तिचे वडील कोयत्यानं कडबा तोडत होते. मी बोलत होते तोवर त्यांचा हात थांबला नाही.

"हात त्यांनी मोडला," ते म्हणाले, "आन् पेपर बी त्यांच्याच हातानं लिव्हायचा व्हय?"

"दुसरं कुणी नाही, दादा. वर्ष जाईल तिचं."

"जाऊ द्या. लगीन लावून टाकतो. तिथं कुनी पेपर घेत न्हाई." आणि त्यांनी कोयता ओंडक्यात असा घातला की तो काढायला पाय लावावा लागला असता.

आतून धाडधाड आवाज आला. बत्तीस प्लास्टरचा हात चौकटीवर आपटत होती. "आप्पा, मला तीच द्या. तिच्याच हातानं पेपर लिवते, पास व्हते, आन् मग त्यो हात मी मोडते. पर लगीन लावाल तर पयला तुमचा कोयता इहिरीत टाकीन आन् मग मी बी जाईन."

बापानं ओंडक्याला पाय लावून कोयता उपटला. मग म्हणाला, "आधी तिला प्लास्टर आपटायचं थांबवायला सांगा. पाच हजाराचं हाय."

पलीकडच्या घरी मी संध्याकाळी गेले. एकतीस ओट्यावर पालथी पडलेली. मारामारीत चावा घेऊ दिला, मार खाऊन आली, म्हणून बापानं पट्ट्यानं फोडली होती. पाठीवरच्या वळांवर माशा बसत होत्या. बाप घरात नव्हता. लेखनिकाच्या अर्जावर तिच्या आईनं सही केली, आणि कागद परत देताना पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा बत्तीसच्या आईचा हात बरा होता.

इंग्रजीच्या पेपरला विषयशिक्षकांना केंद्राच्या आत येऊ देत नाहीत. मी रस्त्यापलीकडे रसवंतीपाशी उभी राहिले. एकतीस ऐन वेळी कच खाणाऱ्या बहिणीला दंडाला धरून, जवळजवळ फरफटत घेऊन आली. फाटकाशी बत्तीस उभी होती. एकतीसनं धाकटीला पुढं ढकललं आणि म्हणाली, "येक बी स्पेलिंग चुकलं तर घरी ये, मग बघते." आणि स्वतःच्या बाकावर परीक्षेला जाऊन बसली.

तीन तास मी उसाचा रस पीत राहिले आणि माझ्या वेडेपणाचा हिशोब करत राहिले. रसवंतीवाल्यानं पाचव्या ग्लासाला विचारलं, "बाई, पेपर तुमचा हाय का पोरींचा?"

निकाल मी इथंच सांगून टाकते. बत्तीस पास झाली, जूनमध्ये शिरूरच्या कॉलेजला गेली. एकतीसही पास झाली. कुणी कुणाचा हात मोडला नाही. विहिरीचा खटला मात्र अजून चालू आहे, आणि परवा नात मोबाइलवर शब्द पाठ करत होती, दर चुकीच्या उत्तराला फोन नुसता थरथरतो, तेव्हा मला तो सगळा महिना पुन्हा आठवला.

पण त्या दिवशी दुपारी निकाल कुणाला ठाऊक होता. घंटा झाली. पोरं बाहेर पडली आणि सगळ्यांच्या शेवटी बत्तीस आली, गळ्यात प्लास्टरचा हात अडकवून. मागं धाकटी, बोटं शाईनं निळी, एका पायानं लंगडत. जरा अडली की बत्तीस बाकाखालून तिच्या नडगीवर लाथ घालायची म्हणे, तिन्ही तास. मी रस्ता ओलांडून धावत गेले.

"कसा गेला गं?" मी विचारलं.

बत्तीसनं मला माझ्या नव्या चष्म्यापासून चपलांपर्यंत नीट पाहून घेतलं आणि म्हणाली,

"बाई, तुमचा येक बी शब्द पेपरात आला न्हाई."