अय्यूबभाईंची पन्हळ

पनवेलच्या जुन्या बाजारात अय्यूबभाईंचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत बसली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहून बोलायचं. डबे, झाकणं, चाळण्या असं किरकोळ काम वर्षभर चालायचं, पण मार्च ते मे हा माणूस फक्त पन्हळी करायचा. कौलांवरचं पाणी भिंतीवर न उडता एका टोकाला वाहून जावं, म्हणून वळचणीखाली टांगतात ती पत्र्याची पन्हळ. त्यांच्या वडिलांनीही जन्मभर तेच केलं होतं. मुलगा यासीन मात्र दुबईला एसी बसवायला गेला.

उतार मोजायला त्यांच्याकडे कसलंही साधन नव्हतं. एक डोळा मिटून वळचणीकडे बघायचे आणि पन्हळ पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या हाताने वाकवत जायचे. काम झालं की घरमालकाकडे तांब्याभर पाणी मागायचे. स्वतः शिडीवरून वरच्या टोकाला ते ओतायचे आणि मालकाला दुसऱ्या टोकाशी भांडं धरून उभं करायचे. पाणी सगळं भांड्यात आलं, तरच खिळ्याने ठोकून पन्हळीवर नाव उमटवायचे, ‘अय्यूब’, आणि खाली साल. त्यानंतर पैसे. तांब्या ओतल्याशिवाय त्यांनी कुणाचा रुपया घेतला नाही, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं.

आता माझ्याबद्दल. मी अविनाश, शाळेत क्लार्क होतो. कंजूष म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खरी आहे. २००८च्या मे महिन्यात आमच्या घराची बाजूची भिंत ओलीने फुगायला लागली, तेव्हा अय्यूबभाईंना बोलावलं. त्यांनी पावलांनी लांबी मोजली.

“बत्तीस फूट. नव्वद रुपये फुटाने दोन हजार आठशे ऐंशी. पुढच्या टोकाला खाली गटारापर्यंत पाईप लागेल, त्याचे अकराशे.”

“पाईप राहू दे. पाणी काय, पडेल खाली.”

“तुमच्याच दारात पडेल, अविनाशभाऊ. आणि मागे मी सोडणार नाही. मागे भामाबाईची भिंत आहे.”

भामा मूळची करंज्याची कोळीण. पावसाळ्याआधी लोक घरात सुकी मासळी भरून ठेवतात, त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. त्या आगोटीचा आणि पुढे आषाढभर विकायचा माल, बोंबील, सुकट, जवळा, ती मागच्या मातीच्या खोलीत ठेवायची. ती खोली आमच्या घराच्या मागच्या टोकालाच, मध्ये जेमतेम बोळ. नवरा वारल्यापासून तिचं घर त्या टोपल्यांवर चालत होतं.

“पाईप नंतर बघू,” म्हणून मी विषय मिटवला. अय्यूबभाईंनी पुढच्या बाजूला उतार देऊन पन्हळ बसवली. दिवस शुक्रवारचा होता, जुम्म्याच्या नमाजाची वेळ होत आली होती. तरीही त्यांनी तांब्या मागितला. मी पुढच्या टोकाशी भांडं धरून उभा राहिलो आणि ते भांडं माझ्या हातात भरलं. मग त्यांनी नाव ठोकलं, पैसे घेतले आणि लगबगीने मशिदीकडे गेले.

पाऊस सुरू झाला आणि त्यांनी सांगितलं तसंच झालं. पाणी धो धो माझ्याच दारात. स्कूटर भिजली, पायरीवर शेवाळ धरलं, बायको घसरता घसरता वाचली आणि मग तिने दोन दिवस मला धारेवर धरलं. अकराशे रुपये काढायचं माझ्या जिवावर आलं. एका रविवारी मी स्टुलावर चढलो आणि पुढच्या दोन पट्ट्या दोन बोटं वर दाबल्या. झालं, पाणी निमूट मागे जायला लागलं. मागे हातभर बोळ आहे, जिरेल तिथे, असं मी स्वतःला सांगितलं. भामाच्या भिंतीचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता असं म्हणालो तर ते खोटं होईल.

पुढच्याच आठवड्यात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी भामा आमच्या अंगणात उभी. हातात बोंबलांची टोपली, त्यात अळ्या वळवळत होत्या.

“कुनी बसवली ही पन्हल? सगला पानी माझे खोलीत घुसलाय! सात हजारांचा माल गेला माझा. आता मी काय इकू नि काय खाऊ?”

पन्हळीवर नाव होतंच. अर्ध्या तासात ती अय्यूबभाईंना दुकानातून घेऊन आली. ते शिडीवर चढले, तांब्या मागितला, ओतला. पाणी मागे गेलं. ते बराच वेळ पट्ट्यांकडे बघत राहिले. पट्ट्या त्यांनीही हातानेच वाकवलेल्या, मीही हातानेच. त्यातून काय कळणार?

“असं कसं झालं?” ते म्हणाले. “मी त्या दिवशी तांब्या ओतला होता ना, अविनाशभाऊ?”

सगळी आळी जमली होती. माझ्या डोळ्यांपुढे सात हजार रुपये होते.

“कुठे ओतलात, अय्यूबभाई?” मी म्हणालो. “शुक्रवार होता. नमाजाची घाई होती तुम्हाला. नाव ठोकलंत आणि गेलात.”

ते वाद घालतील असं मला वाटलं होतं. तशी तयारीही मी केली होती. पण त्यांनी वाद घातला नाही. त्यांचा चेहरा एकदम पडला. शिडीवरून उतरून ते भामासमोर उभे राहिले. “माझा हात चुकला, भामाबाई. तुमचं नुकसान मी भरून देईन.” तीन हप्त्यांत त्यांनी तिचे सात हजार फेडले. पन्हळीचा उतार पुन्हा पुढे करून दिला आणि पाईपही लावून दिला, स्वतःच्या खर्चाने. ज्या अकराशेंसाठी हे सगळं केलं, ते असे वाचले. मला लाज वाटली, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

त्यानंतर अय्यूबभाई कुठेही पन्हळ बसवली की तीन-तीन वेळा तांब्या ओतायचे. “पाणी आलं ना? नक्की आलं?” असं मालकाला पुन्हा पुन्हा विचारायचे. लोक आधी हसले, मग कंटाळले. बाजारात प्लास्टिकच्या पन्हळी आल्या होत्याच. दोन वर्षांनी त्यांनी दुकान बंद केलं आणि करंजाड्यात यासीनने घेतलेल्या फ्लॅटवर राहायला गेले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याच्या हाताचा अंदाज गेला. मी मान डोलावली.

२०१७ साली पन्हळ गंजली, म्हणून नवी प्लास्टिकची बसवायला कल्पेश नावाचा कारागीर आला. त्याने साडेतीनशे रुपये फूट सांगितले आणि मी घासाघीस न करता हो म्हणालो. जुनी उतरवताना तो म्हणाला, “काका, बनवणारा उस्ताद असणार. नऊ वर्षांत उतार दोराभर हलला नाही.” नाव असलेला हातभर तुकडा मी त्याच्याकडून कापून घेतला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आठ हजार शंभर रुपये पाकिटात घातले आणि करंजाडे गाठलं.

अय्यूबभाई खिडकीशी बसले होते, फार थकलेले. त्यांच्या पत्नीने, गुलशनभाभींनी, चहा ठेवला. कप हातात न घेताच मी सगळं सांगून टाकलं.

“कुठल्या पट्ट्या?” त्यांनी विचारलं.

“पुढच्या दोन.”

“आणि तांब्या?”

“ओतला होतात. भांडं माझ्या हातात भरलं होतं.”

“गुलशन,” त्यांनी हाक मारली, “इकडे ये, हे काय म्हणतात ऐक. अविनाशभाऊ, पुन्हा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. गुलशनभाभींनी पदर डोळ्यांना लावला.

“नऊ वर्षं हे दर जुम्म्याला माफी मागतायत,” त्या म्हणाल्या. “नमाजाच्या घाईत मी काम बिघडवलं, एका विधवेच्या पोटावर पाय दिला, म्हणून. घरात कुणी हसलेलंही यांना खपत नव्हतं.”

पाकिटाला अय्यूबभाईंनी हात लावला नाही. “हे भामाबाईसमोर द्या. तिला मी सांगितलं होतं हात चुकला म्हणून. आता तुम्ही सांगा.” मी हो म्हणालो. मग त्यांनी पन्हळीचा तुकडा मागितला, नावावरून अंगठा फिरवला आणि गुलशनभाभींना तांब्याभर पाणी आणायला सांगितलं.

डाव्या हातात तुकडा धरून, एक डोळा मिटून, त्यांनी उजव्या हाताने पाणी ओतायला सुरुवात केली. दोन्ही हात थरथरत होते. तुकडा कधी इकडे कलायचा, कधी तिकडे. पाणी दोन्ही टोकांनी सांडलं, त्यांच्या लुंगीवर, फरशीवर.

“बघा,” ते म्हणाले, “आता खरंच चुकतो.”

मी खाली बसलो आणि कोपऱ्यातलं फडकं घेऊन पाणी पुसायला लागलो. गुलशनभाभींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.