गेमनं ट्यूब जाते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी गल्लीभर होईल, असं मी स्वतःला बजावत आलो. खरं तर ती तशी बाई नाही. पण माणसावर संशय घ्यायची सवय मला धंद्यानं लावली आणि ती घरातही सुटली नाही.

मी शिवाजी पेठेत टीव्ही दुरुस्त करायचो. टीव्ही बंद पडला की कुणीही खरं सांगत नाही, हे पहिल्याच वर्षात कळलं. 'काय केलं न्हाय मेस्त्री, आपला आपणच बंद पडला,' म्हणायचे. मागचं झाकण काढावं, तर आत चहा सांडलेला. म्हणून मी आधी माणसाकडं बघायचो, मग सेटकडं.

नव्वदच्या दशकात ते व्हिडिओ गेम आले. हलक्या प्लास्टिकचा डबा, त्याला वायरीनं जोडलेले दोन रिमोट आणि वरून खोचायची कॅसेट. मला तो प्रकार पहिल्या दिवसापासून लबाड वाटला. कॅसेटवर लिहिलेलं असायचं हजार गेम, आणि लावून बघावं तर तेच दहा-बारा, नावं बदलून पुन्हा पुन्हा. अडली की कॅसेट काढून फुंकर मारायची — फुंकरीनं बरं होणारं मशीन कधी बघितलंय का तुम्ही? बनवला कुणी, बिघडला तर जाब कुणाला विचारायचा, डब्यावर कशाचाच पत्ता नाही. पुढं कॉम्प्युटरवरचे गेम आले, चकचकीत खोक्यांतले आले, तरी त्या धंद्यावर माझा विश्वास बसला नाही तो नाहीच. पण एक कबूल करतो. त्या डब्यानं टीव्ही जात नव्हता. एकच चित्र दिवसचे दिवस पडद्यावर राहिलं तर त्याचा डाग उमटू शकतो, फार तर एवढंच. हे मला तेव्हाही माहीत होतं.

हे आधी सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर तुम्हाला वाटेल, बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

आमच्या गल्लीत महादेवीअक्का हे गेम दिवसाच्या भाड्यानं द्यायची. माहेर सीमेकडचं, रागावली की कन्नडात बोलायची. नवरा अंथरुणाला खिळला, कापडाचं दुकान बसलं, तेव्हा या बाईनं दोन गेम आणले आणि त्यावर घर चालवलं. द्यायच्या आधी स्वतःच्या रंगीत टीव्हीवर प्रत्येक कॅसेट लावून बघायची. स्वतः जाऊन जोडून द्यायची, आणि परत आणायला गेली की विचारायची, टीव्ही नीट लागतोय न्हवं? तिचं हे विचारणंच मला खटकायचं. एवढा सरळपणा कशाला? मनात काही असल्याशिवाय कोण एवढी चौकशी करतं? माझ्यासारख्याला दुसरं काय सुचणार म्हणा.

जाधव मास्तरांचा टीव्ही चित्र खालून आखडून दाखवायला लागला होता. मी दुपारी त्यांच्या घरी गेलो. असल्या कामात मेस्त्री टीव्हीच्या मागं बसतो आणि समोर आरसा ठेवतो — हात मागच्या स्क्रूवर, डोळे आरशातल्या चित्रावर. आता चित्र तर हवं, आणि अँटेनावर दुपारी काही नसायचं. नातवंडांसाठी अक्काकडून आणलेला गेम जोडलेलाच होता. पोरं शाळेत, मास्तर आतल्या खोलीत आडवे झालेले. मी डबा टीव्हीच्या डोक्यावर ठेवला आणि गेम चालू केला.

दहा मिनिटांत चित्र बसलं. माझं काम संपलं होतं. झाकण लावून उठायचं, एवढंच बाकी.

मी उठलो नाही. रिमोट उचलला. आरशात उजवं डावं दिसतं, म्हणून तो पडद्यातला माणूस मी ढकलीन तिकडं जाईना. मला चेव आला. हळूहळू जमायला लागलं. एक खड्डा ओलांडला, दुसरा ओलांडला — आणि मजा येत होती हो. ज्या खेळाला मी गल्लीभर शिव्या देत फिरायचो, तो मी उघड्या टीव्हीच्या मागं मांडी घालून, आरशात बघून खेळत होतो. पोरं उडी मारताना रिमोटसकट हात वर नेतात, त्याला मी हसायचो. तिसऱ्या खड्ड्यावर माझाही हात तसाच वर गेला. वायर ताणली, डबा टीव्हीवरून सरकला आणि मागच्या बाजूनं थेट पिक्चर ट्यूबच्या नाजूक मानेवर पडला.

मोठा आवाज नाही होत. काच टिचते आणि फिस्स करून हवा आत शिरते. मग टीव्ही कायमचा गेला.

मास्तर बाहेर येईपर्यंत किती वेळ गेला असेल? मिनिटभर. तेवढ्यात मी डबा उचलून टेबलावर ठेवला, आरसा पालथा घातला आणि झाकण बसवून दोन स्क्रूसुद्धा आवळले. मास्तरांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "गेमनं ट्यूब गेली."

मास्तरांनी एक शब्दही उलट विचारला नाही. सगळ्या जगावर संशय घेणारा मी, आणि माझ्यावर कुणाचाच नाही. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर तेच बोलणं चाललं होतं. आईबापांना तो गेम डोळ्यासमोर नकोच होता, फक्त कारण मिळत नव्हतं. ते मेस्त्रीनं दिलं.

सकाळी अक्का माझ्या दुकानात आली. बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "आण्णा, तुमास्नी त्यातलं कळतंय. माझ्या गेमनं ट्यूब गेली म्हणत्यात. खरं हाय काय?"

तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. मी खाली मान घालून म्हणालो, "व्हय अक्का. जातीय ट्यूब."

ती माझ्याशी भांडेल, असं मला वाटलं होतं. मी उत्तरंही तयार ठेवली होती. पण तिनं तोंडाला पदर लावला आणि विचारलं, मग आजवर जिथं जिथं दिला त्यांचं काय? ती खरंच घरोघर गेली, टीव्ही नीट आहे का विचारत. चार ठिकाणी लोकांनी टीव्हीची जुनी दुखणी तिच्या गळ्यात मारली. त्याच आठवड्यात तिनं आपला रंगीत टीव्ही मास्तरांना देऊन टाकला. मास्तर दोनदा नको म्हणाले, तिसऱ्यांदा घेतला. टीव्ही न्यायला तिनं कुणाला बोलावलं असेल? मलाच. एका बाजूनं तिनं धरला, एका बाजूनं मी.

दोन्ही गेम माळ्यावर गेले. अक्का दुसऱ्याच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायला जाऊ लागली. तिचा नवरा पुढं तीन वर्षं जगला, टीव्हीविना.

मग बरीच वर्षं गेली. ट्यूबचे टीव्ही गेले, माझं दुकानही गेलं. अक्काच्या मुलानं भिंतीवरचा पातळ टीव्ही घेतला आणि आपल्या मुलीसाठी गेम आणला. अक्का तो लावू देईना. मला बोलावणं आलं. नात हातात रिमोट घेऊन बसलेली, आणि अक्का प्लगपाशी उभी. म्हणाली, "आण्णा, तुमी सांगशीला तरच लावीन. एकदा लोकांचं वाटोळं केलंय मी."

दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली होती. मी टीव्हीच्या मागं उगाच वाकून बघितलं, आणि म्हणालो, "ह्या नव्या टीव्हीस्नी काय होत न्हाय, अक्का. ते जुन्यास्नीच व्हायचं."

तिनं स्वतःच्या हातानं बटण दाबलं. नात खेळायला लागली. उडी मारताना तिचेही हात वर गेले. अक्का हसली, माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली. मी थांबलो. चहा घेतला.

अक्का अजून आहे, माझ्या घरापासून चार घरं सोडून. हे मी तुम्हाला सांगितलं. तिला नाही.