रक्ताचा खरवस

गोंदिया जिल्ह्यात घड्याळाला घाबरणारा एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझा साडभाऊ, म्हणजे थोरल्या मेहुणीचा नवरा निघावा हे माझं नशीब. मी दातांचा डॉक्टर. पाटीवर माझ्या नावापुढे पदव्यांची रांग आहे, पण दवाखान्यात हुकूम चालायचा तो या भाऊजींचा. सरकारी लॅबमधून निवृत्त झाल्यावर ते मला मदत करायला म्हणून आले आणि आठवड्याभरात मी त्यांचा मदतनीस झालो.

दाढ काढल्यावर उरणाऱ्या खड्ड्यात पेशंटच्याच रक्तातून केलेला गोळा भरला, की जखम छान भरते. रक्त नळीत घ्यायचं आणि लगेच मशीनमध्ये गरगर फिरवायचं. मग नळीच्या मधोमध खरवसासारखा पिवळसर थर जमतो. दवाखान्यात आम्ही त्याला खरवसच म्हणायचो. माझ्या हातचा खरवस एकदा घट्ट, एकदा पाणी. मी दोष मशीनला द्यायचो.

खरा दोष माझ्या जिभेचा होता. आम्ही पोवार समाजाची माणसं, समोरचा माणूस कोणाकडचा हे कळल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. गोरेगावच्या एका बाईंचं रक्त काढलं आणि नळी हातात धरूनच त्यांचं माहेर विचारलं. त्या माझ्या मामीच्या नणंदेच्या जाऊबाई निघेपर्यंत रक्त नळीतच थिजलं. "बोलून काऊन राहिले जी? तिकडं रक्त गोठून राहिलं न!" भाऊजी ओरडले. दुसऱ्यांदा सुई टोचताना बाई म्हणाल्या, "नातं निघालं म्हून दोनदा रक्त घेता काय, डाक्टर?" दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद चिकटला: रक्त काढल्यावर नातं काढू नये.

तेव्हापासून रक्त भाऊजीच काढू लागले, आणि मग कागदांचा पूरच आला. पुस्तकातला वेग आपल्या मशीनला लागू नाही म्हणून भाऊजींनी तो स्वतःच्या रक्तावर ठरवला. कोपराची चाळणी झाली. थोरल्या मेहुणीने मला फोन केला, "मदतीले पाठवलं होतं, रक्तदान कराले नाही." भाऊजींनी सराफाकडून काटा मागून आणला आणि प्रत्येक खरवस तोलला. नळ्या कोणत्या, किती, मशीनमध्ये कशा समोरासमोर ठेवायच्या, सगळं लिहिलं. "भाऊजी, दवाखान्याची कचेरी करून टाकली तुम्ही," असं मी चारचौघांत म्हणालो, आणि लोक हसल्यावर मला फार बरं वाटलं. आता आठवलं की लाज वाटते.

कारण एका सकाळी त्यांना पेशंटची शीर तीनदा सापडली नाही. हात थरथरत होता. मी पाहतोय हे कळल्यावर ते शांतपणे म्हणाले, "वर्ष झालं जी. हात आता चालून नाही राहिला. मी नसलो तरी खरवस असाच आला पायजे, म्हून लिहून ठेवलं." मी वर्षभर त्यांच्या शेजारी उभा होतो आणि मला थरथर दिसली नव्हती. दुसऱ्यांच्या तोंडात डोकावण्यात माझी हयात गेली.

त्या संध्याकाळी त्यांनी बाही वर केली. "माझं काढा." मी चकार शब्द न काढता रक्त घेतलं, नळ्या लावल्या, मशीन सुरू केलं. निघालेला खरवस त्यांनी चिमट्यात धरून उजेडात बराच वेळ पाहिला. "बरा हाये," म्हणाले, आणि ॲप्रन खुंटीला लावून घरी गेले. पुन्हा कामाला आले नाहीत.

आता रोजचा खरवस सारखाच येतो. करणारा हात बदलला, हे एकाही पेशंटला कळलेलं नाही. भाऊजींना हेच हवं होतं. मला मात्र त्यांची फार आठवण येते.