पिळाचे खुंटे

शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी दोन सीटचं जुनं विमान घेतलं, पण बायकोशिवाय ते कधी उडवलं नाही. उतरल्यावर विमान वाऱ्याने उलटू नये म्हणून जमिनीत रोवायचे खुंटे ते माझ्याच दुकानातून न्यायचे, तेही सगळ्यात हलके. मी कानीकपाळी ओरडायचो, "मऊ मातीत हे उपटून येतील, मास्तर. स्क्रूसारखे पिळाचे न्या!"

"सहा किलो जड आहेत ते! मग हिच्या पिशव्या कुठे ठेवू?"

"माझ्याच पिशव्या दिसतात यांना," वहिनी फणकारायच्या.

वहिनी गेल्यानंतर काल मास्तर पहिल्यांदाच आले आणि त्यांनी थेट पिळाचे खुंटे उचलले.

"वजनाचं काय?" सवयीने माझ्या तोंडून गेलं.

"शेजारच्या सीटवर ठेवीन," ते म्हणाले, "पट्टा बांधून."