चाफ्याला बांधलेली चिंधी

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. व्यवसायाने मी सॉफ्टवेअर टेस्टर. समोरचा कितीही पोटतिडकीने सांगो, "स्क्रीनशॉट दाखव" हे माझं पहिलं वाक्य असतं. नवरा म्हणतो, लग्नाआधी मी त्याचंही टेस्टिंग केलं होतं... केलंच होतं. तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. तुमच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

गोष्ट २०१५ची. सिंगापूरला बुकित तिमाहमध्ये एका जुन्या कॉन्डोत, तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहत होतो. मी, नवरा निखिल आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. आल्यावर दोन महिन्यांतच बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, बायपास झाली. आईंच्या मणक्याचं दुखणं जुनंच. अर्ध्या तासावर त्यांना बसवत नसे. त्यात माझी नणंद शुभा ऑस्ट्रेलियात, पर्थपासून सातशे किलोमीटरवरच्या गावात. चाळिशीतलं पहिलं बाळंतपण, आणि डॉक्टरांनी पलंगावरून उतरायला बंदी केलेली. आईंनी देव पाण्यात घातले होते. "मला एकदा तिच्या उशाशी नेऊन सोडा," एवढंच म्हणायच्या.

पर्थपर्यंत विमानात आडवं होता येईल अशी सीट मिळाली. पुढच्या रस्त्यासाठी निखिलने रुग्णांसाठी बनवलेली एक मोटरहोम भाड्याने ठरवली. आत पट्ट्यांचा पलंग, मागे व्हीलचेअरची लिफ्ट. लांबी साडेनऊ मीटर! दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या वर हादरे आईंना सोसणार नव्हते, म्हणजे वाटेत दोन मुक्काम. आणि मुक्कामाला एवढी लांब गाडी आत शिरेल, वळेल आणि सकाळी बाहेरही पडेल असं कॅम्पग्राउंड हवं. ते शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? मलाही तसंच वाटलं होतं. प्रत्येक वेबसाइटवर "मोठ्या गाड्यांचं स्वागत आहे" असं लिहिलेलं. फोन केला की मात्र, "किती मीटर? अरे बापरे, सातच्या वर नाही हं." कुठे जागा मोठी पण रस्ता अरुंद, कुठे दोन्ही ठीक पण वीज नाही. पहिल्या मुक्कामाचं जमलं. दुसऱ्यासाठी आवाक्यातलं एकच ठिकाण होतं. त्याच्या पुढचं थेट दीडशे किलोमीटरवर. ते चालवणारी मॉरीन नावाची बाई फोनवर म्हणाली, "बसेल साधारण."

साधारण! टेस्टरला हा शब्द ऐकवू नये.

बाबांना तर त्याहून ऐकवू नये. बाबांनी निगडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत चाळीस वर्षं एकच काम केलं होतं. साखर कारखान्याचे बॉयलर, मोठे ट्रान्सफॉर्मर घेऊन जाणारे लांबच लांब ट्रेलर निघायच्या आधी रस्ता बघून यायचा. हातात खुणा केलेला बांबू, खिशात लाल चिंध्या. वळण पावलांनी मोजायचं, आणि जिथे फांदी किंवा तार खाली आलेली असेल तिथे चिंधी बांधायची, म्हणजे ड्रायव्हरला लांबून दिसते. चिंध्या आईंच्या जुन्या साड्यांच्या असत. "गाडी सरळ रस्त्यात अडकत नाही, वळणात अडकते," हे वाक्य मी लग्न झाल्यापासून किमान शंभरदा ऐकलं असेल.

आणि नेमकं बाबांनाच डॉक्टरांनी विमान मना केलं. त्यांनी मागे राहायचं, माझ्याबरोबर.

"उभ्या जन्मात मी रस्ता बघितल्याशिवाय लांब गाडी सोडली नाही," ते म्हणाले, "आणि आता हिची सोडू?"

"बाबा, मी सॅटेलाइट फोटो काढून दाखवते ना तुम्हाला."

"वरून झाड दिसतं गं मेधा. फांदी किती खाली आलीय ते दिसतं का?"

मुद्दा बरोबर होता.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी नवीनच काढलं. कॉन्डोच्या मागच्या पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये काठी घेऊन पावलं मोजत चालायचं. मॉरीनने फोनवर जे जे सांगितलं होतं, गेट, वळण, नळ, ते सगळं तिथे कल्पनेनं मांडायचं आणि साडेनऊ मीटरांची गाडी त्यातून काढायची. सिक्युरिटीचे लिम अंकल मला लिफ्टपाशी म्हणाले, "मॅडम, युवर फादर-इन-लॉ एव्हरी डे मेझर पार्किंग. कार ऑल्सो डोन्ट हॅव, लाह!" मी कपाळाला हात लावला. पण मनातून मला गलबलून आलं होतं, खोटं कशाला बोलू. त्या माणसाला बायकोसाठी दुसरं काहीच करता येत नव्हतं.

निघायला चार दिवस उरलेले. बुधवार. मी घरूनच काम करत होते. तीनचा कॉल लवकर संपला म्हणून बाल्कनीत आले, तर खाली बाबा. भर उन्हात. वळले, थांबले, चार पावलं मागे आले. मग पार्किंगच्या टोकाला एक चाफा होता, त्याच्या खालच्या फांदीला त्यांनी खिशातून लाल चिंधी काढून बांधली. दोन्ही हात वर करून, सावकाश. आईंच्या किरमिजी साडीची होती, पिवळ्या काठासकट. ती साडी फाडताना मीच त्यांना कात्री दिली होती.

वर आले ते घामाघूम. तांब्याभर पाणी प्यायले, पुन्हा मागितलं. "फार चाल झाली आज," म्हणाले आणि झोपले ते न जेवता थेट सकाळपर्यंत. मी घाबरून दोनदा बीपी मोजलं. नॉर्मल होतं.

सकाळी मी मॉरीनला शेवटचा फोन केला, गाडी नक्की बसेल ना ते विचारायला.

"अगं, पण तुमचे ते आजोबा काल सगळं बघून गेले की," ती म्हणाली.

"कोण आजोबा?"

"काठीवाले. पांढरा सदरा. इंग्रजी फार येत नव्हतं, पण साडेनऊ, साडेनऊ म्हणत हाताने सगळं दाखवलं. पुढच्या गेटचं वळण बसणार नाही, मागचं गेट उघडून द्या म्हणाले. आणि तिथली एक फांदी कापायला सांगितली. मी चहा विचारला, तर हात जोडून नको म्हणाले. भला माणूस!"

"किती वाजता?"

"तीन, सव्वातीन."

पर्थच्या आणि सिंगापूरच्या घड्याळात मिनिटाचाही फरक नाही. मी सवयीने म्हणाले, "फांदीचा फोटो पाठवाल?" पाच मिनिटांत आला. मागचं गेट, धुळीचा रस्ता, कुठल्यातरी निलगिरीच्या झाडाची खाली आलेली फांदी... आणि तिला किरमिजी चिंधी. पिवळा काठ.

मी चपला न घालता खाली धावले. चाफ्याला काही नव्हतं. लिम अंकलना विचारलं, त्यांनी मान हलवली. "आय नेव्हर टच. क्लीनर ऑल्सो टुडे नॉट कम यट." कॅमेरा त्या टोकापर्यंत पोचत नाही.

बाबांना मी काहीच बोलले नाही. त्यांचं हृदय नुकतंच शिवलेलं.

निखिल आणि आई निघाले. दुसऱ्या मुक्कामी गाडी मागच्या गेटने आत गेली. निखिल म्हणाला, पुढच्या गेटने गेलो असतो तर अडकलोच असतो, आणि आई तेव्हा कळवळत होत्या. आणखी दीडशे किलोमीटर त्यांना झेपलेच नसते. तिसऱ्या दिवशी त्या शुभाच्या उशाशी पोचल्या. नऊ दिवसांनी शुभाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

ती चिंधी आई परत घेऊन आल्या. मी ती कपाटातल्या उरलेल्या साडीला लावून पाहिली. फाटलेली कड धाग्याला धागा जुळली.

लोकांनी मला बरंच काही सुचवलंय. दुसरा कोणी भारतीय प्रवासी असेल, मॉरीनचा दिवस चुकला असेल. असेल. मग तो कपडा? बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली, मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

पण खरं सांगू, चिंधीपेक्षा मला दुसरंच आठवत राहतं. त्या मुक्कामाच्या संध्याकाळी आईंचा व्हिडिओ कॉल आला. आडव्या पडल्या पडल्या त्यांनी चिंधी स्क्रीनपुढे धरली. "अहो, ही माझ्या साडीची ना? तुम्ही कुणाबरोबर पाठवलीत?"

बाबा स्क्रीनच्या जवळ सरकले. मग एवढंच विचारलं, "वळण बसलं?"

"बसलं हो. अलगद आत आली गाडी."

कॉल संपल्यावर ते माझ्याकडे वळले. इतका गोंधळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"मेधा, बुधवारी मी इथंच होतो ना गं?"

"हो बाबा. इथेच होतात. मी बाल्कनीतून बघत होते तुम्हाला."

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ गुडघे चोळत बसले.

"मग मी इतका का दमलो होतो?"