कपाळावरचा डाग

इथे परदेशात, रणरणत्या चँडलर गावातले आमचे शेजारी, रिटायर्ड इंजिनिअर काका, आपल्या बाहुलीबद्दल बोलायला लागले की लाजायचो आम्हीच. बाहुली बाईएवढी, सिलिकॉनची, मोठ्यांसाठी बनवलेली. काका मात्र लोणच्याची बरणी सांभाळण्याच्या सुरात सांगायचे, "गॅरेजमध्ये? छे! उकाड्यानं वाट लागेल बिचारीची. आणि ओलसर ठेवली की बुरशी. पुसायची, कोरडी करायची, वर पावडर. रंगीत कपडा तर नेव्हर! डाग पडला की जन्माचा."

श्रावणातल्या शुक्रवारी त्यांचा एसी बंद पडला. बेल वाजली तर दारात काका, आणि चाकांच्या ऑफिस-खुर्चीत पांढऱ्या चादरीतली बाहुली. "मेकॅनिक येईपर्यंत ठेवू? प्लीज!"

आत हळदीकुंकवाच्या बायका बसलेल्या. मी खुर्ची तशीच त्यांच्या शेजारी ढकलली आणि हसू दाबत स्वयंपाकघरात पळाले. दूध घेऊन परत येते तो सासूबाईंनी बाहुलीलाही हळदीकुंकू लावलेलं, मांडीवर फुटाणे!

"अहो आई, ती बाहुली आहे!"

"दिसतंय मला. म्हणून काय शुक्रवारची तशीच पाठवायची?"

संध्याकाळी काका न्यायला आले. त्यांनी रुमालानं तिचं कपाळ पुसलं, मग घासलं. लाल ठिपका हलेना. काकांनी रुमाल खिशात ठेवला आणि फुटाणे उचलून खाल्ले.

पुढच्या शुक्रवारी त्यांचा एसी छान चालू होता. तरी बेल वाजली. दारात काका, खुर्चीत ती, आणि अंगावर रंग जाणारी, कोरी हिरवीगार साडी.

"आम्हाला बोलावणं आहे ना?"