गुणी बाळाचं वजन

आमची मुलगी पहिले काही दिवस फारशी रडलीच नाही, आणि आम्ही सगळ्यांनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. नवऱ्याची नोकरी बंगळूरला, पीण्या भागातल्या एका कारखान्यात, आणि घर म्हणजे यशवंतपूरच्या बाजारामागे दोन खोल्या. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण मला प्रवासाची मनाई होती. मग साताऱ्याहून आईच आली. अळीव, डिंक, बाळंतशेप आणि मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांचा गठ्ठा एवढं सामान घेऊन ती बंगळूरला उतरली आणि पहिल्याच दिवशी घर तिनं ताब्यात घेतलं.

आईची शिस्त कडक. सकाळी बाळाला पायांवर आडवं घेऊन तेलानं रगडायचं, मग कढत पाणी, मग ओवा-वेखंडाची धुरी. त्यानंतर लुगड्याच्या पट्टीत बाळ असं घट्ट गुंडाळायचं की नाकाचा शेंडा तेवढा दिसावा. त्यानंतर बाळ जे झोपायचं ते थेट दुपारपर्यंत. "कसं गुणाचं आहे बघ," आई म्हणायची, "तू तर आळी डोक्यावर घ्यायचीस." शेजारणी यायच्या, त्याही मान डोलवायच्या.

इकडे माझी छाती दगडासारखी झाली होती. बाळ जागं झालं की टोक तेवढं तोंडात धरायचं, चार वेळा चावल्यासारखं करायचं आणि पुन्हा डोळे मिटायचं. मला चिरा पडल्या होत्या. तिला जवळ घ्यायची वेळ आली की मी काहीतरी निमित्त काढून ती पुढे ढकलायचे, आणि आपल्याच लेकराची भीती वाटते म्हणून मी आणखी रडायचे. आईचं निदान एकच, दूध कमी पडतंय. त्यावर उपायही एकच, अळिवाची खीर. ती खाऊन खाऊन मला अळिवाचा वास नकोसा झाला. दूध भरपूर होतं हो, ते बाळाच्या पोटात जात नव्हतं.

नाळ पडल्यावर आम्ही तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई बेळगावकडच्या, आमचं बोलणं ऐकून मराठीतच बोलायला लागल्या. त्यांनी बाळ सोडवून काट्यावर ठेवलं. वजन जन्माच्या वेळेपेक्षा बरंच उतरलं होतं.

"फार शांत आहे हो," आई अभिमानानं म्हणाली.

"शांत न्हवं अक्का, दमलंय ते," डॉक्टर म्हणाल्या. "रडायलासुद्धा ताकद लागते की."

गुरुवारी परत आणा, त्या म्हणाल्या, वजन वाढलं नाही तर दाखल करून वरचं दूध सुरू करावं लागेल. आईचा चेहरा लाल झाला. "मी तीन वाढवलीत," ती म्हणाली. आता इथं महाभारत होणार असं मला वाटलं. डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही पाहिजे. हिला एकटीला जमायचं न्हाई."

मग त्यांनी दार लोटलं, मला बाकावर बसवलं आणि आईला माझ्या मागे, टेकायला. बाळाला नुसत्या लंगोटावर माझ्या पोटाला पोट लावून धरलं. थोडं दूध आधी पिळून काढलं, म्हणजे छाती मऊ झाली. मी सवयीनं पुढे वाकले.

"हे काय करूलीस? तू बाळाकडं जाऊ नको. त्याला तुझ्याकडं आण. तोंड मोठं उघडूपर्यंत स्वल्प थांब."

दोनदा फसलं. तिसऱ्यांदा तिनं नीट धरलं, पण लगेच झोपून गेली. तेवढंही पुष्कळ झालं, असं डॉक्टर म्हणाल्या. दर थोड्या वेळानं उठवायचं, तळव्यांना गुदगुल्या करायच्या, आधी पाजायचं आणि अंघोळ मागाहून. पिऊन झाल्यावर पिळलेलं दूध चमच्यानं द्यायचं.

घरी येऊन आईनं लुगड्याच्या पट्ट्या ट्रंकेत टाकल्या आणि अंघोळ दुपारवर ढकलली. आईनं स्वतःची पद्धत बदलली म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवला. दर वेळी ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि मी तिच्या छातीला टेकायचे. तिचे पाय आखडून जायचे, तरी ती हलायची नाही.

बुधवारी दुपारी बाळानं जांभई द्यावी तसं तोंड उघडलं आणि मी तिला ओढून घेतलं. दुखलं नाही. मी दुखण्याची वाट बघत राहिले आणि ते आलंच नाही. तिचा जबडा थेट कानापर्यंत हलत होता. मग घशातून बारीक आवाज यायला लागला, एक घोट, थोडं थांबून दुसरा. दुसऱ्या बाजूनं दूध आपोआप गळायला लागलं, ओटीपोटात कळ आली. जिला स्वतःची मान धरता येत नव्हती ती माझ्या सगळ्या अंगाला हुकूम सोडत होती, आणि अंग मुकाट ऐकत होतं. माझ्या अंगाला तर हे कुणी शिकवलं नव्हतंच, पण तिलाही कुणी शिकवलं नव्हतं. मी थक्क झाले. देवाधर्माच्या बाबतीत मी तशी कोरडीच, पण त्या दुपारी हात जोडावेसे वाटले. हात मोकळे नव्हते, म्हणून राहिलं.

गुरुवारी काटा वर सरकला. थोडासाच, पण सरकला. डॉक्टर "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याऐवजी आईच्या खांद्यावर हात ठेवला.

परतताना रिक्षात बाळानं भोकाड पसरलं. मी पदराखाली घेतलं आणि ती लगेच प्यायला लागली. आईनं स्वतःला येत असलेल्या एकुलत्या एका कानडी शब्दाच्या जोरावर ड्रायव्हरला सांगितलं, "अण्णा, स्वल्प हळू." मग तिनं माझ्या पदराचं टोक धरलं. नीट झाकून घे म्हणणार, असं मला वाटलं.

"जरा बघू दे," ती म्हणाली.

पदर उचलून ती बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हा तिघांना मी पाजलं. घरात सासरे, दीर. भिंतीकडे तोंड करून बसायचं, डोक्यावरून पदर, आणि कान चुलीवरच्या दुधाकडे. पिताना मूल कसं दिसतं ते मी कधी बघितलंच नाही."

मी तिच्या बाजूचा पदर पूर्ण काढून घेतला. आई खाली वाकली आणि घर येईपर्यंत तशीच वाकून बघत राहिली.